पिल्लू शेंडी टिकू देत नाही? किती वेळात काढतं ते आधी बघा

आमची रेवडी शिह त्झू आहे, म्हणजे लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांची एक जात. घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती आणि कापसाच्या बोळ्यासारखी सगळीकडून सारखीच फुललेली. साडेचार महिन्यांची झाली तेव्हा कपाळावरचे केस डोळ्यांत जायला लागले, म्हणून तुळशीबागेतून छोट्या रबरांची पुडी आणली आणि तिला शेंडी बांधली. चार मिनिटांत तिनं ती काढली. परत बांधली, परत काढली. पुढचे तीन आठवडे हाच कार्यक्रम. रबरं सोफ्याखाली सापडायची, चपलांच्या रॅकमागे सापडायची, एक तर देव्हाऱ्यासमोरच्या रांगोळीत सापडलं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, अशा हट्टाला मीही पेटले होते आणि तीही. तुटत होती ती शेंडीच, आणि दर वेळी तिच्याबरोबर चार केसही.

'ही जातच हट्टी' असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं आणि तेव्हा ते पटलंही. मग एक दिवस वैतागून फ्रिजवर कागद लावला. शेंडी कधी बांधली, कधी निघाली आणि निघाली तेव्हा ही बाई काय करत होती, एवढंच लिहायचं. दहा दिवसांनी तो कागद वाचला तेव्हा लक्षात आलं की तक्रार एक नव्हतीच. कधी मिनिटभरात निघत होती, कधी जेवण झाल्यावर, कधी दुपारच्या झोपेनंतर. प्रत्येक वेळेचं कारण वेगळं होतं आणि मी सगळ्यांवर एकच औषध देत होते: पुन्हा बांधणे.

म्हणून खाली जे लिहिलंय ते वेळेच्या हिशोबानं लिहिलंय. तुमच्या पिल्लाची शेंडी किती वेळ टिकते ते दोन-तीन दिवस बघा आणि तो भाग आधी वाचा. माल्टीज, यॉर्की, ल्हासा या लांब केसांच्या जातींनाही हे बहुतेक सगळं लागू पडतं.

बांधायलाच हवी का?

नाही. केस कापून टाकणं हाही तितकाच चांगला मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण केस डोळ्यांवर तसेच लोंबत ठेवणं हा मार्ग नव्हे. शिह त्झूचे केस नाकाच्या वरच्या भागातून उगवून सगळ्या दिशांना पसरतात. या चेहऱ्याला शेवंतीच्या फुलाची उपमा देतात ती त्यामुळे. दिसायला छान, पण फुलाच्या वरच्या पाकळ्या थेट डोळ्यांत. त्यात या कुत्र्यांचे डोळे मोठे, खोबणी उथळ आणि नाक आखूड, त्यामुळे डोळा पुढे आलेला असतो. केसाचं टोक दिवसभर बुबुळावर घासत राहिलं की डोळा गळतो, चिपडं येतात, आणि पुढे बुबुळावर जखमही होऊ शकते.

'केस बांधू नका हो, उजेडानं डोळे जातात,' असं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला लिफ्ट अडवून सांगितलं होतं. ल्हासा आणि शिह त्झू पाळणाऱ्या प्रत्येकाला हे कोणी ना कोणी ऐकवतंच. यात तथ्य नाही. कपाळ मोकळं केल्यानं डोळे जात नाहीत. केसांनी जाऊ शकतात.

बांधूच देत नाही, फणी दिसली की पळते

हा भाग सगळ्यात लांबलचक आहे, कारण माझं खरं चुकलं ते इथे. बाकीच्या बहुतेक दुरुस्त्या त्याहून कमी दिवसांच्या. ही तीन आठवड्यांची.

पहिल्या शेंडीच्या वेळी मुलीनं रेवडीला मांडीवर गच्च धरलं, मी डाव्या हातानं तिची हनुवटी पकडली आणि उजव्या हातानं केस वर ओढले. रबर एकदा सटकलं, पुन्हा ताणलं, तिसऱ्यांदा बसलं. मला वाटलं, जमलं. रेवडी त्या पाच मिनिटांत एवढंच शिकली की फणी आली म्हणजे आपल्याला पकडतात. दुसऱ्या दिवसापासून फणी दिसली की ती डायनिंग टेबलाखाली. म्हणजे तिचं भांडण शेंडीशी नव्हतंच. डोक्यावर येणाऱ्या हातांशी होतं.

उपाय असा, की रबरं सरळ कपाटात ठेवून द्यायची. निदान दोन आठवडे बाहेर काढायची नाहीत. तोवर केस डोळ्यांत जात असतील तर ते तेवढ्यापुरते थोडे कापून घ्या, पुन्हा वाढतात.

मग दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी फार तर मिनिटभर, नुसता हात. डोक्याला हात लावायचा, काढायचा आणि मग खाऊ द्यायचा. उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा, किंवा पनीरचा. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. मी सुरुवातीला उलटं केलं: पनीर दाखवून तिला टेबलाखालून बाहेर काढायचे आणि मग फणी लावायचे. चार दिवसांत ती पनीर बघूनच पळायला लागली! तिच्या हिशोबानं पनीर ही फणी येणार असल्याची सूचना होती. हात आधी, खाऊ नंतर, असं सुरू केल्यावर आठवड्याभरात उलटं झालं. हात दिसला की शेपूट हलायची.

त्यानंतर हनुवटी. तळहात तिच्यासमोर पसरायचा आणि ती त्यावर हनुवटी टेकवेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला नुसता वास घेतला तरी खाऊ. मग टेकवली तर खाऊ. मग टेकवून तीन सेकंद ठेवली तर. आपण हनुवटी पकडायची नाही, तिनं ठेवायची. एकदा हे जमलं की दुसरा हात केसांत घालायचा, आणि तिनं हनुवटी उचलली की त्याच क्षणी आपला हात थांबवायचा. ऐकायला हे लाडावून ठेवल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही 'आता कुत्रीची परवानगी मागायची का' असा आहेर मिळाला. पण थांबवता येतं हे कळल्यावर तिनं थांबवणं खूपच कमी केलं.

फणीची युक्ती सासूबाईंची. त्यांनी माझ्या तीन नणंदांच्या वेण्या वर्षानुवर्षं घातल्यात. त्या बाजूला बसून भाजी निवडत होत्या, मी विंचरत होते, रेवडी मान मागे घेत होती. शेवटी त्यांना राहवलं नाही. 'अगं, मुळाशी धर ना आधी! आणि टोकाकडून सोडवत ये. डोक्याला ओढ बसली तर पोरगी पण पळते.' खरंच इतकंच होतं. दोन बोटांनी बट मुळाशी धरायची, म्हणजे गुंत्याची ओढ आपल्या बोटांवर येते, कातडीवर नाही. टोकापासून थोडं थोडं वर यायचं. फणी स्टीलची, दात फार जवळ नसलेली. प्लास्टिकच्या फणीनं आमच्याकडे केस उभे राहून चेहऱ्याला चिकटायचे, ते तिला मुळीच आवडायचं नाही.

यानंतर केस नुसते बोटांत धरायचे, जणू शेंडी बांधलीय. एक सेकंद, तीन सेकंद, दहा सेकंद. आणि हो, रबराचा आवाज. आपल्याला तो ऐकूही येत नाही, पण ताणलेलं रबर कानाजवळ 'टच्' करून बसलं की पिल्लू दचकतं. मी चार-पाच दिवस लांबूनच रबर बोटांवर वाजवून खाऊ देत होते, रोज थोडं जवळ येत. हे सगळं झाल्यावरच केसांची बारीक बट घेऊन खरं रबर लावलं आणि दहा सेकंदांत माझं मीच काढलं.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाचे दुधाचे दात पडतात. तेव्हा हिरड्या दुखत असतात, जबड्याला हात लावलेला नको असतो आणि दिसेल ते चावायचं असतं. नेमकी तेव्हाच शेंडीची वेळ आलेली असते. एखाद्या दिवशी अजिबात ऐकत नसेल तर सोडून द्या.

मिनिटाच्या आत पंजा मारून काढते

ही ओढ आहे, दुसरं काही नाही. कुठला तरी एक केस किंवा सगळेच केस ताणले गेलेत.

चेहऱ्याकडे समोरून बघा. भुवया वर चढल्यात, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे तिरके झालेत, पिल्लू सतत चकित झाल्यासारखं दिसतंय, तर शेंडी घट्ट आहे. फोटोत हे फार गोड दिसतं आणि तिथेच घोळ होतो. पापण्या पूर्ण मिटता यायला हव्यात. करंगळीचं टोक रबराखालच्या केसांत सहज शिरायला हवं.

बांधायची पद्धत, मला जमली ती अशी. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून वर कानाच्या दिशेनं भांग पाडायचा, दोन्ही बाजूंनी, आणि कानाच्या थोडं अलीकडे थांबून आडवी रेघ घेऊन दोन्ही भांग जोडायचे. मधले तेवढेच केस घ्यायचे. डोळ्याखालचे, गालावरचे किंवा नाकाच्या उंचवट्यावरचे केस 'दिसायला बरे' म्हणून वर ओढायचे नाहीत. तेच पहिल्यांदा टोचतात. रबराचे दोन किंवा तीन वेढे. मग शेंडी मुळाशी धरून किंचित पुढे, कपाळाकडे ढकलायची, म्हणजे समोर छोटा फुगा येतो. तो फुगा शोभेसाठी नसतो. भुवया हलायला जागा राहते ती त्यामुळे. शेवटी फणीचं टोक फुग्यात घालून एकटा ताणलेला केस सापडतो का बघायचं. बहुतेक वेळा सापडतो.

केस अजून आखूड असतील तर एकाच शेंडीत सगळे आणायचा अट्टहास करू नका. ओढून आणले तरी दहा मिनिटांत सुटतात आणि तोवर दुखतात. त्यापेक्षा दोन छोट्या शेंड्या, डाव्या-उजव्या डोळ्यावर एकेक. रेवडी दोन महिने अशीच शिंगं असलेली दिसायची. केस वाढल्यावर त्या दोन्हीची एक झाली.

रबर कुठलं, यावर मी बरेच पैसे घालवले. नोटांच्या गड्डीला लावतात ते रबर चुकूनही नको, ते केसांना चिकटतं आणि काढताना उपटतं. तान्ह्या मुलींसाठी मिळणारी कापड गुंडाळलेली बारीक रबरं मऊ असतात, पण पिल्लाच्या रेशमी केसांवरून घसरतात. आम्हाला शेवटी लॅटेक्सची बारीक रबरं चालली, आणि तीही पातळ कागदाची घडी आधी केसांभोवती गुंडाळून त्यावरून. प्रदर्शनात कुत्री उतरवणारे लोक केस असेच कागदात गुंडाळून ठेवतात. टिकटॉक पिना मी बंद केल्या. त्यांचा पत्रा डोक्यावर दाबला जातो, आणि छोट्या जातींच्या काही पिल्लांची टाळू भरायला वेळ लागतो. डोक्याच्या मधोमध बोटानं हळूच चाचपून बघा. मऊ खड्डा लागला तर डॉक्टरांना दाखवा आणि तिथे काहीही कडक लावू नका. क्लचर, मोठे बो, मण्यांचे रबर, यांबद्दल माझं मत चांगलं नाही. जड वस्तू लोंबते, लोंबली की ओढते.

एकदा पार्लरवाल्यांनी फोटोसाठी तिला इतकी घट्ट शेंडी घातली होती की घरी आल्यावर कपाळावरची कातडी लाल झालेली दिसली. दोष त्यांचा होताच, पण मी तिथे समोर उभी राहून 'किती गोड' म्हणत होते. अशी ओढ रोज बसत राहिली तर तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात. आता पार्लरमध्ये आधीच सांगते, शेंडी घरी बांधेन.

पाच-दहा मिनिटं ठीक, मग हळूच काढते

ओढ असती तर इतका वेळ थांबली नसती. हा कंटाळा आहे, आणि थोडी नवलाई. डोक्यावर काहीतरी आहे आणि करायला दुसरं काही नाही.

रेवडीनं इथे मला चांगलीच शेंडी लावली. बांधल्यावर शहाण्यासारखी बसून राहायची. मी कुकर लावायला वळले की मागे सर्र असा आवाज, आणि रबर तोंडात घेऊन बाई घरभर धावतेय. मी मागे, मुलगी मागे, सगळे हसतोय. तिच्या दृष्टीनं दिवसातला सगळ्यात मजेचा खेळ! तो खेळ आम्ही शिकवला होता.

तेव्हा तीन गोष्टी बदलल्या. एक, शेंडी बांधायची ती जेवणाच्या किंवा फिरायला जायच्या अगदी आधी. ताटली समोर आल्यावर डोक्यावर काय आहे याचा विचार करायला तिला फुरसत नसते. ताटलीऐवजी चाटायच्या मॅटवर दही पसरून दिलं तर आणखी दहा मिनिटं मिळतात. (शेंगदाण्याचं बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, ते कुत्र्यांना विषारी असतं.) दोन, ती काढायच्या आत मी काढायची. जेवण संपायला आलं, की रबर माझ्या हातानं बाहेर. पहिल्या दिवशी मिनिटभर, मग तीन, पाच, दहा. फ्रिजवरचा कागद इथे खरा उपयोगी पडला, कारण काल किती मिनिटं टिकली होती ते माहीत असल्याशिवाय आज कधी काढायची ते कळत नाही. मोह होतो, आज छान बसलीय तर राहू दे अजून. तो मोह केला त्या प्रत्येक दिवशी तिनं काढली. आणि स्वतःच्या पंजानं काढलेली प्रत्येक शेंडी म्हणजे तिच्यासाठी 'असं केलं की निघतं' याचा आणखी एक धडा.

तीन, निघाली तर कोणी हसायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. पनीरचा तुकडा देऊन रबर मागून घ्यायचं आणि त्या दिवशी पुन्हा बांधायची नाही. मुलीला हे सगळ्यात जड गेलं.

एका मिनिटावरून तासावर यायला आम्हाला सोळा दिवस लागले. मध्ये दोन वेळा मागे यावं लागलं.

दोन-तीन तासांनी डोकं घासते

इथे ओढ नाही, कंटाळाही नाही, खाज आहे. सोफ्याच्या कडेला किंवा गालिच्यावर डोकं रगडत पुढे सरकते, शेंडी आपोआप खाली येते.

बहुतेक वेळा केस मुळाशी ओले असतात. वरून हात लावला तर कोरडे वाटतात, पण रबराच्या खाली ओल राहते. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ही ओल दिवसभर जात नाही आणि तिथे कातडीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. मुंबई-कोकणात तर बोलायलाच नको. आंघोळीनंतर किंवा पावसातून आल्यावर टॉवेलनं टिपून, ड्रायर कोमट आणि लांब ठेवून, मुळं पूर्ण सुकल्यावरच बांधायची. रबर काढल्यावर त्या जागेचा वास घ्या. आंबूस वास, लाली किंवा कोंडा दिसला तर चार-आठ दिवस शेंडी बंद, आणि कमी झालं नाही तर डॉक्टर.

दुपारी झोपून उठल्यावर निघालेली असेल तर ती फक्त चुरगळलेली असते. झोपताना काढून ठेवायची. रात्री तर नक्कीच, आपणही वेणी सैल करूनच झोपतो. रोज काढून, विंचरून, जागा थोडी पुढेमागे करून नव्यानं बांधायची. दोन-तीन दिवस तशीच ठेवलेल्या शेंडीच्या मुळाशी जट होते आणि मग कात्रीशिवाय इलाज नसतो.

एकाच बाजूनं ओढते

नेहमी उजवाच पंजा, नेहमी उजवी बाजू, असं असेल तर शेंडीत कानावरचे केस आले आहेत का ते बघा. कान हलला की शेंडी ओढली जाते. कानाची पाळी तर रबरात अडकलेली नाही ना, हे बोटानं चाचपून खात्री करा, दर वेळी. लांब केसांत पाळी दिसत नाही आणि रबर तिच्याभोवती बसलं तर रक्तपुरवठा बंद होऊन कानाचा तो तुकडा मरू शकतो. शेंडीच्या प्रकरणात मला खरी भीती वाटते ती याचीच.

केसही ठीक असतील तर कानात दुखणं असेल: वास, काळपट मळ, डोकं एका बाजूला कलतं ठेवणं. ते शेंडीचं काम नाही, डॉक्टरांचं आहे.

महिने दोन महिने छान होती, अचानक बिनसलं

दहा-अकरा महिन्यांच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येतात. जुने केस गळून खाली न पडता नव्यात अडकतात आणि रोज सकाळी जट. आम्हाला वाटलं आपण काही चुकतोय. चुकत नव्हतो. हे काही आठवडे दिवसातून दोनदा विंचरायचं, शेंडी सैल ठेवायची, किंवा सरळ केस बारीक करून घ्यायचे. ज्यांना नोकरी सांभाळून दोनदा विंचरणं जमणार नाही त्यांनी या काळात केस कापावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण अचानक बिनसलं आणि त्याबरोबर एक डोळा अर्धा मिटलेला, सारखं पाणी, उजेड नको, डोळ्यावर धुरकट डाग, पंजानं डोळाच चोळणं यातलं काहीही दिसलं, तर कारण शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना. ही पिल्लं पंजा शेंडीवर मारताहेत असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात डोळा दुखत असतो. डॉक्टर डोळ्यात एक रंग टाकून निळ्या दिव्याखाली बघतात, बुबुळावर जखम असेल तर तेवढी जागा हिरवी चमकते. घरातले उरलेले थेंब, माणसांचे किंवा मागच्या वेळचे, टाकू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम वाढते. रेवडीच्या बाबतीत एकदा असं झालं, सुदैवानं लवकर कळलं, आणि शेंडी तीन आठवडे बंद राहिली. परत सुरू करताना हातापासून सुरुवात केली, पण या वेळी सगळं पाच दिवसांत झालं.

काढताना

रबर ओढून काढायचं नाही. शेंडी उभी धरून रबराचा एक वेढा डोक्यापासून वर उचलायचा आणि बोथट टोकाच्या छोट्या कात्रीनं तेवढा कापायचा. कात्रीचं तोंड वर, डोळ्यांकडे कधीही नाही. हलत असेल तर कात्री बाजूला ठेवून रबरावर खोबरेल तेलाचा थेंब सोडा, बोटांनी सरकतं. कापलेलं रबर लगेच कचऱ्याच्या डब्यात, झाकणाच्या. मोजून. सकाळी एक लावलं तर संध्याकाळी एक मिळालं पाहिजे. एखादं बारीक रबर गिळलं तर बहुतेकदा शीतून बाहेर पडतं, पण उलट्या, खाणं बंद, पोट दुखल्यासारखं वाकून उभं राहणं असं दिसलं तर वाट बघू नका. कापडी बो, रिबीन, लांब धागे जास्त धोक्याचे, ते आतड्यात अडकतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर खेळताना शेंडी नको. एकमेकांची ओढून काढतात आणि खातात.

रेवडी आता चौदा महिन्यांची आहे. सकाळी खाणं झालं की स्वतः येऊन हनुवटी टेकवते, संध्याकाळी फिरून आलो की शेंडी सुटते. आंघोळीच्या दिवशी मात्र कितीही सुकवली तरी गालिच्यावर डोकं घासते म्हणजे घासतेच. त्या दिवशी मी बांधत नाही.